नाव आधी फोनवर सांगून पाहा

चितेगावात पैठण रोडला लागून माझं छोटं ऑफिस आहे. वेबसाइट तयार करून देणं, तिच्यासाठी डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं नाव घेऊन देणं आणि ते वेळेवर रिन्यू होतंय ना याकडे लक्ष ठेवणं, हा माझा व्यवसाय. बरीच वर्षं यात गेली. वेबसाइटचा रंग कोणता, मालकाचा फोटो कुठे, देवाचा फोटो वर की बाजूला, यावर लोक दोन-दोन बैठका करतात. नाव मात्र चहा संपायच्या आत ठरवून मोकळे होतात. वास्तविक वेबसाइट केव्हाही मोडून नव्याने करता येते. नाव बदलायचं म्हटलं की बिलबुक, खोकी, पिशव्या, छोट्या हत्तीच्या पाठीवरची अक्षरं, सगळंच बदलावं लागतं. आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेलं जुनं नाव तर बदलताच येत नाही. म्हणून नावाच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो, घाई करू देत नाही.

माझ्याकडे येणारी माणसं कोण, हे सांगायला हवं. चितेगावची ओळख बरीच वर्षं टीव्ही-फ्रिजच्या कारखान्याची होती. व्हिडिओकॉनचा मोठा प्लांट इथलाच. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्या आधाराने पोट भरणाऱ्या अनेकांना दुसरी वाट धरावी लागली. कुणी घरोघरी जाऊन रिपेअरिंग सुरू केलं, कुणी पॅकिंगच्या खोक्यांचं काम, कुणी डबे पोहोचवण्याचं. शिवाय आजूबाजूचे मोसंबीवाले आहेत, पैठणकडचे पैठणीवाले आहेत, घरगुती मसाले-पापड करणाऱ्या बायका आहेत. मोठं भांडवल कुणाकडेच नाही. जाहिरातीवर लाख-दोन लाख घालून चुकीचं नाव लोकांच्या गळी उतरवण्याची सोय यांना नसते. यांचं नाव एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जातं, आणि तिथून मोबाइलवर टाइप होतं. त्या वाटेत ते बिघडलं, तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातं.

हे मी लोकांना समजावत बसत नाही, करून दाखवतो. बिडकीनकडचं एक जोडपं काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी विकायची म्हणून आलं होतं. त्यांनी नाव ठरवून आणलं होतं, ‘श्रीकृपा गृहउद्योग’. मी म्हणालो, “वहिनी, तुमच्या कुणाला तरी फोन लावा. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगायचं नाही. इंग्रजीत टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा.” त्यांनी नणंदेला फोन लावला, स्पीकरवर. “ताई, एक नाव सांगते, टाइप करून पाठवता का?” नणंदबाईंनी लगेच पाठवलं. मग पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने पाठवलं, मग शेजारच्या दुकानदाराने. तिघांची तीन स्पेलिंगं. ‘श्री’ला कुणी शेवटी आय लावला, कुणी डबल ई, कुणी मधला एच गाळला. ‘कृपा’त यू की आय? ‘गृह’मध्ये पुन्हा यू की आय, आणि शेवटी ए आहे की नाही? ‘उद्योग’मध्ये नुसता डी की डी-एच? मी कागदावर गुणाकार मांडला: तीन, दोन, चार आणि पुन्हा दोन. म्हणजे एका नावाची 48 रूपं, आणि त्यातलं फक्त एक त्यांच्या दुकानाचं. नवरा कागदाकडे बघत म्हणाला, “मग बाकीचे सत्तेचाळीस कुठं जाणार?” तोच खरा प्रश्न होता.

त्या दिवशी मग आम्ही घरातल्या जुन्या शब्दांवर आलो. पाटा, वरवंटा, खलबत्ता, उखळ. खलबत्त्यात टी एक की दोन, हा घोळ होतोच. ‘उखळ’ मात्र तिघांनीही एकसारखं टाइप केलं. त्याला दुसरा एक छोटा शब्द जोडला, नाव मोकळं होतं, घेऊन टाकलं. श्रीकृपा हे नाव त्यांच्या मनातलं होतं, ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापलंच आहे. दुकानाचं नाव आणि डोमेन अक्षराला अक्षर तेच असावं असा कुठलाही नियम नाही.

मराठी नाव इंग्रजी अक्षरांत घालायचं म्हटलं की दोन्ही बाजूंनी काळजी घ्यावी लागते. ऐकणाऱ्याला लिहिता आलं पाहिजे, तसंच वाचणाऱ्याला ते उच्चारताही आलं पाहिजे. के ए एल ए असं लिहिलं तर कला, काला, काळा, कळा यांतलं नेमकं काय वाचायचं? एम ए एल ए म्हणजे मळा, माळा की मला? एका भाजीवाल्याच्या नावात ‘मळा’ होता, आणि पहिल्यांदा वाचणारा प्रत्येक जण ‘माला’ म्हणायचा. त्याला हार-फुलांचे फोन यायचे. आमच्या चितेगावचंही तेच. पाट्यांवर, बिलांवर, नकाशांवर त्याची निरनिराळी स्पेलिंगं मी पाहिली आहेत. म्हणून डब्ल्यू की व्ही, एस की एस-एच, एक ए की दोन, असा प्रश्न जिथे पडेल तो शब्द शक्यतो टाळावा. अगदी टाळताच येत नसेल, आडनावच तसं असेल, तर लोक ज्या चुका हमखास करतात ती एक-दोन स्पेलिंगंही विकत घेऊन मूळ नावाकडे वळवून ठेवावीत.

इंग्रजीतल्या डोमेनमध्ये अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही. दोन टिंबांच्या मधे जास्तीत जास्त 63 अक्षरं बसतात. बसतात म्हणून कुणी भरू नयेत. आडव्या रेघेला कुणी डॅश म्हणतं, कुणी मायनस, कुणी हायफन, आणि फोनवर सांगताना ती गाळलीच जाते. आकड्याचंही तसंच: दोन हा आकडा की टी-डब्ल्यू-ओ, हे दर वेळी वेगळं सांगावं लागतं. ज्या नावामागे खुलासा जोडावा लागतो ते नाव मी घेऊ देत नाही.

गावाच्या नावाचा प्रश्न आमच्याकडे फार वेगळ्या तऱ्हेने आला. पूर्वी इथे कुणीही धंदा काढला की डोमेनमध्ये ‘औरंगाबाद’ असायचंच. ट्रॅव्हल्सवाले, टाइल्सवाले, पेस्ट कंट्रोलवाले, सगळ्यांचं तसंच. 24 फेब्रुवारी 2023 ला शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्राची मंजुरी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचंही नाव बदललं. त्यानंतर माझ्याकडे रीघ लागली. कुणाला अभिमानाने नवं नाव हवं होतं, कुणाला जुनं सुटू नये अशी धास्ती होती. नवं पूर्ण नाव इंग्रजीत लिहिलं तर 24 अक्षरं होतात, त्यात सुरुवातीलाच सी नंतर एच एक की दोन हा प्रश्न. धंद्याचं नाव त्याला जोडलं की गाडीच्या काचेवर मावत नाही.

वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक नेणाऱ्या एका गाडीवाल्याची गोष्ट यात शिकण्यासारखी होती. ही दोन्ही लेणी 1983 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि परदेशातला माणूस निघण्याआधी जुन्या पुस्तकांतून, जुन्या लेखांतून माहिती काढतो. तिथे शहराचं नाव औरंगाबादच असतं. या गाडीवाल्याचं निम्मं बुकिंग त्याच शब्दावरून यायचं. महाराष्ट्रातली मंडळी मात्र नव्या नावाने शोधू लागली होती. त्याला मी सांगितलं की डोमेनमधून शहरच काढून टाका, स्वतःचं नाव आणि लेण्यांशी जोडलेला एखादा शब्द घ्या. शहराची दोन्ही नावं वेबसाइटच्या मजकुरात ठळक राहू द्या. आणि जुनं डोमेन सोडू नका, ते कायमचं नव्याकडे वळवून ठेवा, म्हणजे गूगलवर कमावलेली जागाही बऱ्याच अंशी नव्या नावाला मिळते.

जुनं नाव सोडू नका असं मी निक्षून सांगतो, त्याला आणखी एक कारण आहे. सोडलेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि मग त्या नावावर येणारे ई-मेलही त्याच्याच हाती जातात. बँकेचा, जीएसटीचा, एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचा मेल त्या जुन्या पत्त्यावर जात असेल, तर तो कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. वर्षाला काही शे रुपये वाचवण्यासाठी एवढा धोका घेऊ नये.

मुंबईचं नाव 1995 मध्ये बदललं, तरी आयआयटी आजही बॉम्बेच आहे आणि तिच्या डोमेनमधला ‘बी’ तसाच आहे. गावांची नावं बदलतात, जिल्हे फुटतात, एमआयडीसीचे टप्पे वाढतात. धंदा त्याहून जास्त टिकावा अशी इच्छा असेल, तर नावात गाव घालताना थांबून विचार करावा. जिथे गावच माल विकतं तिथे गोष्ट निराळी. पैठणला विणलेली पैठणी विकणाऱ्याने पैठण का सोडावं? पण तिथेही ‘पैठणी’ हा शब्द एकट्याचा नाही. येवल्यातलेही तोच वापरतात, मुंबईतल्या दुकानांतही तोच. त्याच्या पुढे किंवा मागे आपला म्हणावा असा एक शब्द हवा, नाहीतर गिऱ्हाईक पैठणी लक्षात ठेवतं आणि विणकर विसरतं.

मालाच्या नावाचंही बंधन होतं. एका शेतकऱ्याने डोमेनमध्ये ‘मोसंबी’ घातली. दुष्काळात बाग गेली, त्याने डाळिंब लावलं, मग केसर आंबा. माल उत्तम, पण वेबसाइट उघडून लोक विचारायचे, मोसंबी कुठे आहे? त्याचं आडनाव सोपं होतं, पाच अक्षरांचं, ते घेतलं असतं तर बागेत काहीही पिकलं तरी चाललं असतं. तो नव्या नावावर आला, पण दोन हंगाम गेले.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका टेक्निशियनचा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. हात इतका कसलेला, की टीव्हीचा बोर्ड बघून कुठला भाग गेलाय ते सांगायचा. घरपोच दुरुस्तीचा धंदा काढायचा होता आणि डोमेनमध्ये एका नामांकित टीव्ही कंपनीचं नाव घालून पुढे ‘सर्व्हिस’ लावायचं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: “सर, मी त्यांचेच टीव्ही दुरुस्त करतो, मग नाव लावलं तर काय बिघडलं?” मी त्याला रेडिफचा खटला सांगितला. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ कंपनी गेली, कारण दुसऱ्या कुणीतरी एकाच अक्षराचा फरक ठेवून, ई च्या जागी ए घालून, ‘रॅडिफ’ नावाचं डोमेन घेतलं होतं. डोमेन हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखंच त्याचं संरक्षण झालं पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं आणि मनाई केली. पुढे 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच पक्कं केलं. आता तर न्यायालयात न जाताही तक्रार करता येते. डॉट कॉमसाठी आयकॅन या संस्थेचं धोरण आहे, डॉट इनसाठी निक्सी या संस्थेचं. हरलेल्याच्या हातून नाव काढून घेतलं जातं.

तो नाराज झाला. मी म्हणालो, “दादा, त्यांचं नाव मोठं करण्यात तुमची जवानी गेली. आता तुमचं मोठं करा.” ट्रेडमार्कची सरकारी यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, ती बघून, कुणाशी साम्य नाही याची खात्री करून, त्याच्या स्वतःच्या नावावरून डोमेन घेतलं. कोणत्या कंपन्यांचे टीव्ही दुरुस्त करतो ते त्याने आत मजकुरात लिहिलं, आणि आपण कंपनीचं अधिकृत सेंटर नाही हेही लिहिलं. आज बिडकीनपासून शहरापर्यंत लोक त्याला त्याच्या नावाने ओळखतात.

शेवटचं टिंब आणि त्यापुढची अक्षरं यावर बरेच जण अडून बसतात. ‘डॉट कॉमच पाहिजे.’ मिळत असेल तर जरूर घ्यावं, लोकांच्या बोटांना त्याची सवय आहे. पण डॉट इन 2005 पासून सर्वांना खुलं झालं आणि इथल्याच गिऱ्हाइकाला माल विकायचा असेल तर ते कुठेच कमी पडत नाही. डॉट कॉम मिळावं म्हणून चांगल्या नावात उगाच दोन अक्षरं कोंबण्यापेक्षा स्वच्छ नावाचं डॉट इन केव्हाही बरं. एक मात्र बघून घ्यावं: त्याच नावाचं डॉट कॉम कुणाकडे आहे? तो आपल्याच मालाचा व्यापारी असेल तर ते नाव सोडून द्यावं. पहिल्या वर्षी शे-सव्वाशे रुपयांत मिळणाऱ्या नवनव्या शेपटांच्या बाबतीत दुसऱ्या वर्षाचा दर आधी वाचावा; तो कित्येक पट असू शकतो. शिवाय फसवणुकीच्या बातम्यांमुळे गिऱ्हाईक आता अनोळखी लिंकला हात लावत नाही. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांसाठी डॉट बँक डॉट इन असं वेगळं शेपूट आणलं ते याच कारणाने. लोक शेवटची अक्षरं बघू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे.

देवनागरी नावाबद्दल मला मनापासून आस्था आहे. 27 ऑगस्ट 2014 ला डॉट भारत सुरू झालं, त्यात मराठीही होती. के ए एल ए चा सगळा गोंधळ तिथे एका फटक्यात मिटतो. मळा तो मळा आणि माला ती माला. वारकरी साहित्य विकणाऱ्या एका दुकानासाठी मी असं नाव घेतलं. वेबसाइट छान उघडायची. पण कित्येक ऑनलाइन फॉर्म त्या नावावरचा ई-मेल स्वीकारत नसत, आणि लिंक कॉपी करून पाठवली की काही ठिकाणी मराठी अक्षरांऐवजी ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ दिसे, कारण यंत्राच्या आत ते नाव तसंच साठवलेलं असतं. गिऱ्हाइकाला ती फसवी लिंक वाटायची. म्हणून आज माझा सल्ला असा आहे की मराठी नाव घ्या, पाटीवर आणि पिशवीवर ते अभिमानाने छापा, पण सोबत इंग्रजी अक्षरांतलंही ठेवा आणि ई-मेल त्यावर चालवा. मराठी माणसांनी ही नावं घेतली, वापरली, जिथे अडली तिथे तक्रार केली, तरच ती सगळीकडे चालायला लागतील.

इतकं जपून निवडलेलं नाव आपल्या मालकीचं आहे का, हे फार थोडे लोक विचारतात. डोमेन हा धंद्याचा सातबारा आहे. सातबाऱ्यावर शेजाऱ्याचं नाव कुणी चालवून घेईल का? इथे मात्र भाचा, ओळखीचा पोरगा, वेबसाइट करणारा, यांच्या खात्यावर नाव घेतलं जातं आणि मालक निश्चिंत असतो. खोकी बनवणाऱ्या एका कारखानदाराला वाळूजच्या परचेस ऑफिसरचा फोन आला, “तुमचा मेल बाउन्स होतोय, ऑर्डर पाठवू कुठे?” तो गाडी काढून थेट माझ्याकडे आला. बघतो तर डोमेनची मुदत संपलेली. ज्या मुलाने ते घेतलं होतं तो नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलेला, मोबाइल नंबर बदललेला, रिन्यू करा म्हणून येणारे मेल त्याच्या कॉलेजच्या दिवसांतल्या जुन्या खात्यावर पडून. मुलगा लबाड नव्हता. ते नाव कुणाच्या नावावर असावं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉट कॉमची मुदत संपली की कंपनीप्रमाणे साधारण 45 दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात सोडवून घेता येतं. नंतर 30 दिवसांचा काळ असा असतो, ज्यात जबर दंड भरून नाव परत मिळतं. त्यापुढे 5 दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि मग बाजारात खुलं होतं. टपून बसलेले लोक यंत्रं लावून तत्काळ उचलतात. आम्ही त्या 30 दिवसांत होतो. गावाकडे मुलाच्या वडिलांना गाठलं, त्यांनी नवा नंबर दिला, मुलाने त्याच रात्री लॉगिन उघडून दिलं. मालकाने दंड भरला, नाव स्वतःच्या खात्यावर वळवून घेतलं आणि पुढच्या 10 वर्षांचे पैसे एकदम भरून टाकले. एका वेळी त्याहून जास्त भरताही येत नाही.

तेव्हापासून मी नाव घेताना मालकालाच शेजारी बसवतो. खातं त्याच्या ई-मेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, बिल त्याच्या नावाने. ‘तुमच्याकडेच राहू द्या सर, तुमच्यावर विश्वास आहे’ असं लोक म्हणतात. विश्वासाबद्दल मी आभार मानतो आणि पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या हातात देतो.

तुमचाही छोटा-मोठा धंदा असेल आणि त्याची वेबसाइट असेल, तर आजच दोन गोष्टी बघून घ्या: डोमेन कोणाच्या ई-मेलवर नोंदलेलं आहे आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते. नवं नाव घेणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन माणसांना फोन करा, नाव एकदाच सांगा आणि त्यांनी काय टाइप केलं ते बघा.